सरंजामेबाईंचा पत्ता

चंद्रप्रभाच्या दाराची कडी तिसऱ्या घावाला तुटली. लोखंडी रॉडचे घाव. मारणारे तिघे होते आणि त्यांना त्या दारापर्यंत पोचवणारी मी. वासंती, वय एकाहत्तर, दोन्ही गुडघे कामातून गेलेले.

इतर ठिकाणी मी ते सात होते असं सांगितलंय. मराठी मंडळाच्या कोजागिरीला नऊ झाले होते. इथे तीनच सांगते, कारण हे चंद्रप्रभा वाचणार आहे, आणि ती मोजते.

तिची मोजायची सवय जुनी आहे. माझे यजमान आणि ती दिल्लीत एकाच सरकारी ऑफिसात होते. ती आस्थापना शाखेत, सगळ्यांची सर्व्हिस बुकं तिच्या ताब्यात. कोण कधी रुजू झालं, कोण किती दिवस रजेवर होतं, कुणी घरभाड्याचा खोटा दाखला दिला, सगळं डोक्यात, आणि रिटायर झाल्यावरसुद्धा तसंच्या तसं. अशा बाईसमोर गोष्ट सांगायची म्हणजे वाक्यावाक्याला ती पुरावा मागणार. वीस वर्षं आमचं हे चाललं. मी सांगायचे, ती चुका काढायची.

मग एका संक्रांतीला कोपर्निकस मार्गच्या जुन्या महाराष्ट्र सदनात हळदीकुंकू होतं. चाळीस बायका. मी आमच्या ह्यांची माकडांबरोबरची लढाई सांगत होते. ऑफिसच्या तिसऱ्या मजल्यावर खिडकीतून सतरा माकडं आत आली, ह्यांनी कागदाला भोकं पाडायचं लोखंडी मशीन उचललं आणि म्होरक्याच्या टाळक्यात असं हाणलं की रक्ताचे शिंतोडे समोरच्या फाइलवर उडाले, आणि ती फाइल तशीच वर जाऊन मंजूर होऊन आली. बायकांचे हात तिळगुळाच्या वड्या घेऊन तोंडाशी थांबले होते. तेवढ्यात चंद्रप्रभा शांतपणे म्हणाली, "त्या दिवशी ते अर्धपगारी रजेवर होते. मूळव्याधीच्या ऑपरेशनसाठी. नोंद माझ्या हातची आहे."

चाळीस बायका हसल्या. माझ्या हातात वाणाची स्टीलची चाळणी होती, ती मी तिच्या दिशेने भिरकावली. भुवई फुटली, दोन टाके पडले. हळदीआधी तिच्या कपाळाला रक्त लागलं. तेव्हापासून अकरा वर्षं आम्ही बोललो नाही. पुढे स्मार्टफोन आले तेव्हा तिने मुलाकडून सगळ्यात आधी काय शिकून घेतलं असेल, तर माझा नंबर ब्लॉक कसा करायचा.

हे लक्षात ठेवा. नंबर ब्लॉक होता.

आता वृंदा. वृंदा माझी नात. मुलगा-सून गुरुग्रामला नोकरीला, सकाळी सातला घर सोडतात, त्यामुळे गाझियाबादच्या फ्लॅटमध्ये आम्हा दोघींचंच राज्य. ती नोएडाच्या पलीकडच्या एका कॉलेजात एम.टेक. करत होती, म्हणजे नेटवर्क, डेटाबेस आणि माहितीची सुरक्षा. तिच्या खोलीच्या भिंतीवर चौकोन आणि बाण काढलेले होते. हे काय म्हणून विचारलं तर म्हणाली, आजी, ही बँकेसारखी दिसणारी खोटी खोली आहे. ह्याला हनीपॉट म्हणतात, मधाचं मडकं. इंटरनेटवरचा चोर खरी बँक समजून ह्यात घुसतो, आणि तो कुठून आला, कुठल्या दाराने शिरला, काय काय चाचपलं, काय उचललं, ह्याची नोंद आपल्याकडे होते. ह्या मडक्यावरच तिचा प्रबंध होता.

पण मडक्याला माश्या येत नव्हत्या. एखादा चोर यायचा, मिनिटभर बघायचा आणि निघून जायचा. तिच्या गाइडने दोनदा चॅप्टर परत पाठवला. एक दिवस ती जेवता जेवता रडायला लागली, तेव्हा मी म्हटलं, दाखव तरी मला तुझी ती बँक. तिने खातेदारांची यादी उघडली. तीनशे नावं, सगळी कॉम्प्युटरने बनवलेली. मी एक पान वाचलं आणि विचारलं, ह्यात एक जूनला जन्मलेलं कोणीच कसं नाही?

मग मी तिला समजावलं. अगं, आमच्या पिढीतले निम्मे लोक कागदोपत्री एक जूनला जन्मलेत. शाळेत नाव घालताना मास्तर तीच तारीख ठोकून द्यायचे. तुझ्या यादीत बारा महिने सारखे पिकलेत, शिवाय एकाही बाईचं नाव लग्नात बदललेलं नाही, एकाही माणसाचे दोन पत्ते नाहीत. चोर काय मूर्ख आहे?

दुसऱ्या दिवशी तिने हे गाइडना सांगितलं. ते म्हणाले, तुझ्या आजींनाच बसव.

मग काय, दीड महिना मी सांगत होते आणि ती टाइप करत होती. तीनशे माणसं मी जन्माला घातली आणि त्यातली बरीचशी मारलीसुद्धा. एकाला साखर कारखान्याच्या पट्ट्यात ओढला. एकीच्या नवऱ्याला दिराने विळ्याने कापला आणि ती विमा घेऊन फरीदाबादला आली. वृंदा म्हणायची, आजी, यार, मला फक्त वारसदाराचं नाव हवंय, खून नकोय. मी म्हणायचे, खून झाल्याशिवाय वारसदार कसा येईल? प्रत्येकाला एक गुप्त प्रश्नही होता, पासवर्ड विसरला तर विचारायचा असतो तसा. आईचं माहेरचं आडनाव काय, पहिल्या कुत्र्याचं नाव काय.

अट एकच होती आणि ती तिने मला देवासमोर शपथ घ्यायला लावून सांगितली. एकही खरा माणूस नको, एकही खरा पत्ता नको. हा कॉलेजचाच नियम होता. मी दिलेली प्रत्येक सोसायटी ती नकाशात शोधून बघायची, आणि सापडली नाही तरच नोंद पुढे जायची.

दोनशे नव्याण्णव पत्ते मी खोटेच दिले. तीनशेवी होती कुमुद सरंजामे. विधवा, एकटी, मुलगा कॅनडात, ऐकायला कमी, पहिल्या कुत्र्याचं नाव पोपट. तिचा पत्ता सांगायची वेळ आली आणि माझ्या तोंडातून आलं, बी-४०२, राजपत्रित सोसायटी, वसुंधरा.

तो चंद्रप्रभाचा पत्ता होता.

वृंदाने नकाशात शोधलं. सापडला नाही. सापडणार कसा? दोन वर्षांपूर्वी तिथल्या कमिटीने फ्लॅटचे भाव वाढावेत म्हणून राजपत्रित नाव काढून ग्रीन काहीतरी रेसिडेन्सी अशी इंग्रजी पाटी लावली होती. नकाशाला नवीन नाव माहीत. ई-रिक्षावाल्यांना, भाजीवाल्यांना आणि आम्हाला जुनंच. वृंदा म्हणाली, अच्छा, हीपण खोटी, चलो झालं. मी गप्प बसले. माझ्या मनात एवढंच होतं की एखादा सेल्समन तिच्या दारात जाईल, कुमुदजी हैं क्या असं विचारेल, दुसऱ्या दिवशी दुसरा जाईल, आणि चंद्रप्रभा आपल्या फायली उपसून ही कोण कुमुद म्हणून हैराण होईल. त्या दोन टाक्यांपायी मला चाळीस बायकांनी अकरा वर्षं हळदीकुंकवाला बोलावलं नव्हतं. त्याची ही परतफेड.

मडकं भरलं आणि पाचव्या महिन्यात खरोखरच कोणीतरी घुसलं. अख्खी यादी उचलून नेली. वृंदाने मला उचलून गोल फिरवलं. आता हे लोक यादी विकतील, म्हणाली, आणि विकत घेणारे फोन करतील. यादीतले सगळे नंबर घरातल्या दोन फोनवर वळवलेले होते, एक काळा, एक पांढरा. मला काम सोपं दिलं होतं. फोन आला की वेळ लिहायची, कुणाचं नाव विचारलं ते लिहायचं, राँग नंबर म्हणायचं आणि ठेवायचं.

ज्या दिवशी तिचं कॉलेजात प्रेझेंटेशन होतं, मोबाइल बाहेर जमा करून ती आत बसली होती, त्याच दिवशी दुपारी साडेबाराला पांढरा फोन वाजला. "कुमुद सरंजामेजी बोल रही हैं?" आवाज इतका गोड की पुरणात घालावा. बँकेतून बोलतोय म्हणाला.

मी राँग नंबर म्हणाले नाही. कशी म्हणणार? दीड महिना जिला मी घडवली तिला पहिल्यांदा कोणीतरी हाक मारत होतं. मी पाऊण तास कुमुद झाले. कॅनडाचा मुलगा वाईट सुनेच्या तावडीत कसा सापडला ते सांगितलं. बँकेवर भरवसा नाही म्हणून चौसष्ट तोळे सोनं घरातच लोखंडी पेटीत ठेवलंय, पेटीत पितळी डबा, किल्ली तांदळाच्या डब्यात, हेही सांगितलं. तो मध्ये मध्ये फक्त जी माताजी, जी माताजी करत होता. मग म्हणाला, घर पे ही रहिएगा, हम लोग आपके इलाके में ही हैं. राजपत्रित सोसायटी, बी-चार सौ दो, ना?

फोन बंद झाला आणि मला कळलं की हे आता चंद्रप्रभाच्या दारात जाणार.

चंद्रप्रभाला फोन लावला. वाजलाच नाही. वृंदाचा बंद. मुलगा मीटिंगमध्ये. ११२ला लावला. पलीकडच्या माणसाने विचारलं, कुणाला धोका आहे? मी म्हटलं, चंद्रप्रभाबाईंना. चोर कुणाला शोधत आहेत? कुमुद सरंजामेला. ती कुठे आहे? ती नाहीच आहे. मग आपल्याला कसं कळलं? मी खरं ते सगळं सांगितलं, मडकं, यादी, पोपट. तो म्हणाला, माताजी, गाडी भेज देते हैं. त्याच्या आवाजावरून मी ओळखलं की गाडी येईल, पण चहा पिऊन येईल.

आयुष्यभर थापा मारल्या तेव्हा लोकांनी श्वास रोखून ऐकल्या. खरं सांगितलं तेव्हा हे असं झालं.

मी स्वयंपाकघरातून खलबत्त्यातला लोखंडी बत्ता उचलला, पिशवीत घातला आणि ई-रिक्षात बसले. वाटेत रस्ता खोदलेला. दहा मिनिटांच्या वाटेला पंचवीस लागली. रिक्षावाल्याला मी सांगत होते की जोरात घे, बाई मरेल. तो म्हणाला, माताजी, बॅटरी का भी सोचो.

राजपत्रितच्या गेटवर वॉचमन नव्हता, पाण्याची मोटर चालू करायला गेला होता. बी बिल्डिंगच्या जिन्याखाली रामरती कपड्यांना इस्त्री करते. तीस वर्षांची बाई, पूर्व यूपीतल्या बलियाकडची, कोळशाची सात किलोची इस्त्री एका हाताने फिरवते. पूर्वी मी चंद्रप्रभाकडे यायचे तेव्हा ती माझ्या गोष्टी ऐकायला जिन्यात बसायची. मला बघून म्हणाली, अम्माजी, इतने साल बाद? आपकी सहेली के यहाँ बैंकवाले आए हैं, तीन जन. आणि तेवढ्यात वरून आवाज आला. तो कुठला असतो हे कोणाला सांगावं लागत नाही. माणसाच्या अंगावर लोखंड पडल्याचा आवाज होता.

रामरतीने इस्त्री उचलली आणि माझ्या मागे निघाली. लिफ्ट बंद होती. चार मजले माझ्या गुडघ्यांनी. मंडळात मी सांगते की दोन दोन पायऱ्या एकदम चढले. दुसऱ्या मजल्यावर मी बसले होते, आणि रामरतीने मला काखेत हात घालून उठवलं.

दार किलकिलं होतं, कडी लोंबत होती. फटीतून मला चंद्रप्रभा दिसली. लाकडी खुर्चीत फोनच्या चार्जरच्या वायरने बांधलेली. उजवं मनगट जिथे वाकायला नको तिथे वाकलेलं. एका कानातली कुडी ओढून काढलेली, पाळी फाटून रक्त मानेवरून पोलक्यात चाललेलं. जमिनीवर तांदूळ, फायली आणि त्यांच्यात तिची कवळी, दोन तुकडे झालेली. एक जाडा रॉड घेऊन उभा होता. तो इतका जाडा होता की लिफ्ट त्याच्यामुळेच बिघडली असणार. एक किडकिडीत माळ्यावर चढून सामान खाली फेकत होता. तिसऱ्याच्या पायात लाल बूट. त्याच्या एका हातात सुरा, दुसऱ्या हातात मोबाइल, आणि मोबाइलवर बघून तो विचारत होता. माझीच यादी वाचत होता.

"फोन पे आवाज़ दूसरी थी," तो म्हणाला. फोनवरचा पुरणातला आवाज त्याचाच होता. "पहले कुत्ते का नाम बता."

मी डोळे मिटले. खोटं तिला येत नाही. ती आता सांगणार की मी चंद्रप्रभा, निवृत्त अधीक्षक, आणि मी कधी कुत्रा पाळला नाही, आणि मग हे तिला मारून टाकणार.

"पोपट," चंद्रप्रभा म्हणाली. "और फोन पे मैंने दाँत लगाए थे. वो तुमने तोड़ दिए."

लाल बूटवाला हसला. सोनं कुठे म्हणाला. ती बोळक्या तोंडाने सांगायला लागली. लोखंडी पेटीत. पेटीत पितळी डबा. किल्ली तांदळात होती, ती तुम्ही सांडली, आता शोधा. चौसष्ट तोळे, सासूचे. मी फटीला नाक लावून ऐकत होते. ही माझी गोष्ट होती. अठ्ठ्याण्णव साली तिच्याच ह्या हॉलमध्ये मी सासूच्या सोन्याची गोष्ट सांगितली होती, ह्याच पेटीतली, ह्याच डब्यातली, राखणीला पोपट नावाचा कुत्रा. तेव्हा तिने विचारलं होतं की हे सोनं कुठल्या वर्षीच्या मालमत्तेच्या विवरणपत्रात दाखवलंय. वीस वर्षं माझ्या चुका काढता काढता बाईला माझी प्रत्येक गोष्ट पाठ झाली होती. त्यांनी पेटी आणि तांदळातली किल्ली विचारली असेल तेव्हाच तिने लेखिका ओळखली. आणि पहिल्या घावापासून ती माझ्या गोष्टीत लपून बसली होती.

किडकिडीत माणसाने पेटी खाली सोडली. पेटी आपटली, झाकण उघडलं. आत जुनी सरकारी परिपत्रकं, वर्षावार बांधलेली. तळाला एक पितळी डबासुद्धा निघाला. त्यात बटणं होती. जाड्याने बटणं तिच्या तोंडावर फेकली आणि रॉडने तिच्या पायाच्या नडगीवर मारलं. ती ओरडली नाही, तिच्या तोंडून फक्त वारा गेल्यासारखा आवाज आला.

"अब बता," लाल बूटवाला म्हणाला, "डिब्बे में नहीं है तो कहाँ है?"

चंद्रप्रभा गप्प. कारण पुढचं तिला माहीत नव्हतं. कोणालाच नाही. गोष्टीत इथपर्यंत आले की मी नेहमी चहा टाकायला उठते आणि परत येईपर्यंत विषय बदलतो, कारण पुढचं मी कधी रचलंच नव्हतं. लाल बूटवाल्याने तिचा डावा हात टेबलावर ठेवला, करंगळी बाजूला केली आणि सुरा तिच्यावर टेकवला. तिने एकदा खाली सांडलेल्या फायलींकडे बघितलं, जसं काही त्यांत उत्तर सापडेल.

मी दार ढकललं.

"गलत बुढ़िया को पीट रहे हो," मी म्हटलं. "कुमुद सरंजामे मैं हूँ."

तिघांनी माझ्याकडे बघितलं. माझा फोनवरचा आवाज लाल बूटवाल्याने लगेच ओळखला, त्याच्या तोंडावर ते दिसलं. जाडा वळला आणि रॉड माझ्या खांद्यावर आला. हाड मोडल्याचं मला आधी ऐकू आलं आणि दुखलं नंतर. पण बत्ता दुसऱ्या हातात होता आणि मी खाली वाकलेलीच होते, त्यामुळे समोर आला तो त्याचा गुडघा. एकाहत्तर वर्षं मी नारळ फोडलेत. आवाज तोच. तो पेटीवर कोसळला.

लाल बूटवाला सुरा घेऊन माझ्यावर आला. रामरतीने मधेच त्याचं मनगट धरून टेबलावर आदळलं आणि इस्त्री त्याच्या हातावर ठेवली. मारली नाही, ठेवली, आणि दाबून धरली, कॉलरला धरते तशी. टेबलावर हात, हातावर इस्त्री, इस्त्रीवर रामरती. जळक्या मांसाचा वास हॉलभर झाला. तो ओरडायला लागला तेव्हा खालच्या तीन मजल्यांची दारं उघडली. किडकिडीत माणूस माळ्यावरून उडी मारून पळाला, पण जिन्यात सोसायटीवाल्यांना सापडला. त्यांनी त्याला पार्किंगमध्ये बॅटने, चपलांनी आणि एका मुलाच्या स्केटबोर्डने इतका मारला की पोलीस आले तेव्हा त्यांना आधी त्यालाच सोडवावं लागलं.

पुढची गोष्ट मी मंडळात सांगत नाही.

जाडा पडला होता. रॉड त्याच्या हातातून सुटला होता. तो माझ्याकडे बघून हात जोडत होता, माँजी, माँजी म्हणत होता. आणि मी त्याला मारत होते. गुडघ्यावर, दंडावर, परत गुडघ्यावर. माझ्यासमोर तो नव्हताच. मी पाऊण तास फोनवर बसून जे केलं होतं त्याला मी मारत होते, पण लागत त्याला होतं. रक्त माझ्या चष्म्यावर उडालं तरी हात थांबेना.

"वासंती," चंद्रप्रभा म्हणाली. अकरा वर्षांनी तिने माझं नाव घेतलं. "बस कर. सात झाले. तो पडलाय."

मग थांबले.

पोलीस चाळीस मिनिटांनी आले. हॉस्पिटलात आम्हाला शेजारी शेजारी खाटा मिळाल्या, तिच्या मनगटाला आणि नडगीला प्लास्टर, कानाला टाके, माझा खांदा बांधलेला. इन्स्पेक्टरने तिला विचारलं की हे लोक नेमके तुमच्याकडेच कसे आले. तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आज तिने एवढं सुंदर खोटं सांगितलंय, आणखी एक सांगेल.

तिने सगळं खरं सांगितलं. क्रमाने, वेळेसकट. माझा पत्ता हिने दिला, द्वेषाने दिला, आणि मला वाचवलं तेही हिने आणि इस्त्रीवालीने. दोन्ही लिहा, म्हणाली. त्याने लिहिलं की नाही हे तिने वाचून बघितलं आणि मगच डाव्या हाताचा अंगठा लावला.

वृंदा संध्याकाळी आली. तिने माझ्याकडे बघितलं, माझं पांघरूण नीट केलं आणि चंद्रप्रभाच्या खाटेशी जाऊन बसली. कॉलेजात तिने स्वतःच सांगितलं की यादीत एक खरा पत्ता गेला होता. प्रबंध सहा महिने मागे गेला, मडकं रिकामं करावं लागलं, आणि यादी तपासायची नवीन पद्धत तिने शोधली ती अशी की नकाशाबरोबर तिथल्या ई-रिक्षावाल्यालाही विचारायचं. गाइडना ते आवडलं म्हणे. मला हे मुलाकडून कळलं, कारण ती माझ्याशी एकोणीस दिवस बोलली नाही. विसाव्या दिवशी विचारलं, आजी, चहा घेणार? मी हो म्हटलं आणि आणखी काही सांगायला गेले नाही.

बत्ता अजून ठाण्यात आहे, पुरावा म्हणून. शेंगदाण्याची चटणी मिक्सरमध्ये होते आणि तिला चव नाही.

एक दिवस सकाळी माझा फोन वाजला. पडद्यावर चंद्रप्रभा.

तिने कशी आहेस वगैरे विचारलं नाही. नवीन कवळी बसवली होती, बोलताना शीळ यायची. म्हणाली, तिघांतला एक जामिनावर सुटलाय. मी म्हटलं, बरं. 

"डब्यात बटणं होती," मग ती म्हणाली. "मग सोनं होतं कुठे?"

"अगं, कुठलं सोनं?"

"ते मला माहीत आहे. मी गोष्टीतलं विचारतेय. उद्या परत कोणी येऊन सुरा लावला तर मला पुढचं ठाऊक पाहिजे. तू प्रत्येक वेळी चहा टाकायला उठतेस."

मी खुर्ची ओढून बसले. खांदा ठणकत होता. म्हटलं, ऐक तर. सोनं पेटीत कधीच नव्हतं, पोपट मेला तेव्हा सासूबाईंनी सगळे सत्तर तोळे त्याच्याबरोबर पुरले, आणि पुढच्या पावसात तिथून...

"चौसष्ट," चंद्रप्रभा म्हणाली. "हं, पुढे."